हायमास्टची चावी कोणाकडे आहे? सरपंचताई, देवस्थान कमिटी आणि मुंबई मंडळाला खुलं पत्र

मा. सरपंचताई, ग्रामपंचायतीचे सगळे मेंबर, देवस्थान कमिटीतले काका लोक, आणि मुंबई मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सल्लागार (सल्लागार सतरा आहेत म्हणून सगळ्यांना एकत्रच नमस्कार),

पत्र खुलं लिहितोय कारण बंद पाकिटातली पत्रं कुठल्या फायलीत जाऊन पडतात ते मला चांगलं माहितीय, त्या फायली माझ्याच दुकानातून नेलेल्या असतात. स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान माझं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आंब्याचा विमा, लाईटबिलाची तक्रार, गावाचा अर्धा पत्रव्यवहार माझ्या कीबोर्डवरूनच जातो. त्यामुळे गेल्या सोमवारी एक गंमत झाली. कमिटीतले दोघं काका एक हाताने लिहिलेला कागद घेऊन आले, म्हणाले एवढं नीट टाईप करून लेटरहेडवर घे. मी वाचायला घेतलं तर पत्र मलाच होतं! म्हणजे आमच्या जानेवारीतल्या पिक्चरच्या कार्यक्रमासाठी मी जो अर्ज दिला होता त्याला कमिटीचं उत्तर. काका जरा चुळबुळले, मी म्हटलं बसा हो, टाईप तर करायलाच हवं कोणीतरी. केलं. 'वादग्रस्त' मध्ये त चा थ झाला होता तोही सुधारला. दोन प्रिंट आणि एक झेरॉक्स, बावीस रुपये झाले, वीस घेतले, आणि त्यातलीच एक प्रत तिथल्या तिथे सही करून माझ्याच हातात दिली.

तर त्या पत्रात असं आहे की पटांगण द्यायला हरकत नाही, पण 'वादग्रस्त विषयावरील फिल्म वगळण्यात यावी', आणि मंडळाच्या सूचनेप्रमाणे रोज साडेसहाला मान्यवरांचा सत्कार ठेवावा. हायमास्टबद्दल, म्हणजे पटांगणातल्या उंच खांबावरच्या त्या मोठ्या दिव्याबद्दल, एक अक्षर नाही. माझ्या अर्जात हायमास्ट पहिल्या नंबरला होता, बोल्ड करून, खाली रेघ मारून.

आता गावात ज्याला जे वाटेल ते तो सांगतोय, कोण म्हणतं शूटिंगवाले येणार आहेत, कोण म्हणतं राजकीय आहे, एका वहिनीने तर हिरोईन कोण येणार म्हणून विचारलं, म्हणून आधी कार्यक्रम काय आहे तो सांगतो. जानेवारीतला दुसरा शुक्रवार, शनिवार, रविवार. रोज संध्याकाळी सात ते दहा देवळासमोरच्या पटांगणात पिक्चर, फुकट, सगळ्यांना. शनिवार-रविवारी दिवसा हायस्कूलच्या दोन वर्गांत वर्कशॉप. बस. हिरोईन कोणी येणार नाही वहिनी, सॉरी.

जानेवारीच का, मुंबईला राहणारे आपले चाकरमानी तर मेमध्ये गावात असतात, हे मंडळातून तीनदा फोन करून विचारलं म्हणून तेही एकदाच लिहितो. उघड्यावर पिक्चर दाखवायला काळोख लागतो. मेमध्ये आपल्याकडे सूर्य बुडता बुडताच सात होतात, पडद्यावर नीट दिसायला लागेपर्यंत साडेसात, आणि लाऊडस्पीकर दहाला बंद करावा लागतो कारण 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वर्षातले 15 दिवस बारापर्यंतची सवलत देता येते, पण ते दिवस सणावारांना जातात, आम्हाला कोण देतंय. (दशावतार पहाटेपर्यंत कसा चालतो ते मला विचारू नका, मी पण तिथेच पुढे बसलेला असतो.) जानेवारीत साडेसहाच्या आधीच सूर्य गेला की सातला गडद काळोख, चक्क तीन तास मिळतात. शिवाय मेमध्ये आंब्याच्या पेट्या, लग्नं आणि घाम. त्याआधी मार्चमध्ये शिमगा, फेब्रुवारीपासून पोरांच्या बारावी-दहावीच्या परीक्षा, डिसेंबर अख्खा जत्रांचा. राहिला कोण? जानेवारी. त्यातही दुसरा आठवडा, कारण 26 जानेवारीच्या आसपास निम्म्या वाड्यांत सत्यनारायण असतात आणि गावातले सगळे माईक-स्पीकर तिकडे बुक.

आणि किनाऱ्यावर घ्या, मस्त वाटेल, फोटो चांगले येतील, हा सल्ला पण खूप जणांनी दिला. आम्ही पण आधी तेच ठरवलं होतं. पहिल्या वेळी ट्रायलला वाळूत दोन बांबू पुरून बारा बाय आठचा पांढरा कपडा ताणला, तर आमचे एक खलाशी काका जाळं विणायचं सोडून बघायला आले, कपड्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "हो पडदो न्हय रे, ह्या शीड." पाच मिनिटांत खारा वारा भरला आणि एक बांबू घेऊन कपडा निघाला माडांकडे. काका म्हणाले आता हा पडेल, पण रात्री मतलई सुटेल ती उलट्या बाजूने, मग तुझा पिक्चर जाईल समुद्रात. त्यांनीच मग देवळाचं पटांगण सुचवलं, पश्चिमेला धर्मशाळेची भिंत आहे, वारा अडतो. पडदा कसा बांधायचा तेही त्यांनीच शिकवलं, चारही कोपरे आवळून नाही बांधायचे, खालचे दोन जरा ढिले सोडायचे म्हणजे वारा खालून निघून जातो. आता पडद्याचं डिपार्टमेंट त्यांच्याकडेच आहे.

तर पटांगण ठरलं आणि गेल्या जानेवारीत पहिला शो लावला. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला ऐकून माहिती असेल, कारण बघायला तुमच्यातलं कोणी आलं नव्हतं (एक मेंबर आले होते, पण ते मुलीला क्लासवरून न्यायला आले होते). प्रोजेक्टर कणकवलीहून भाड्याने आणलेला, साडेतीन हजार लुमेनचा, अशा पडद्याला भरपूर होतो, अट एकच की आजूबाजूला काळोख हवा. साठ-सत्तर माणसं आली, चटया, खुर्च्या, शेंगदाणे, सगळं जमून आलं, पिक्चर सुरू झाला, आणि दहा मिनिटांत पटांगणाच्या कोपऱ्यातला हायमास्ट लागला. भस्सकन. पडद्यावर नदी होती ती गेली, माणसं गेली, धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखा नुसता पांढरा कपडा दिसायला लागला. हायमास्टला टायमर आहे, आणि खांबाच्या बुडाशी लोखंडी डबा आहे, त्यात स्विच, आणि डब्याला कुलूप. चावी ग्रामपंचायतीत असेल म्हणून शिपाईदादांना फोन केला, ते म्हणाले देवस्थानकडे, देवस्थानवाले म्हणाले वायरमनकडे, वायरमन म्हणाले ज्याने हायमास्ट बसवला त्या ठेकेदाराच्या माणसाकडे, आणि तो माणूस कोल्हापूरला लग्नाला. तासभर हेच चाललं होतं. कोणीतरी खांबावर चढून गोणपाट टाकूया म्हणालं, त्याला खाली बसवला. शेवटी आवाज चालू ठेवला आणि माणसं एकेक करून उठली. शेवटपर्यंत बावीस जण राहिले, मी मोजले. त्यात आमच्या वाडीतल्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. पिक्चर संपल्यावर मी ओशाळून त्यांच्याजवळ गेलो तर म्हणाल्या, "दिसला काय नाय माका, पण आयकलंय सगळा." आणि खरंच, घरी सोडायला गेलो तर वाटेत त्यांनी मला अख्खी स्टोरी सांगितली, एकदोन ठिकाणी तर दिग्दर्शकापेक्षा बरी.

हे मी उगाळत नाहीये, उजेडाला माझा विरोध नाही, त्या हायमास्टमुळे बायकांना रात्री देवळाच्या वाटेने यायला बरं पडतं हे मलाही दिसतं. तीन रात्री, रोज तीन तास बंद, एवढंच मागणं आहे. वाटेवर आम्ही ट्यूबलाईट लावू, पडद्याकडे पाठ करून.

आता इंडिपेंडंट पिक्चर म्हणजे काय. म्हणजे ज्याच्यामागे मोठी कंपनी नाही, गावातल्या माणसाने बोटीसाठी जसं इकडून तिकडून जमवावं तसे पैसे जमवून केलेला. मुंबई-पुण्यात मॉलमध्ये आठवडाभर सकाळी अकराचा शो मिळतो आणि शुक्रवारी उतरवतात. आपल्याकडे तर येतच नाही. आपल्या गावातून सगळ्यात जवळच्या थिएटरला जायचं तर एसटीने दीड तास, आणि परतीची शेवटची गाडी शो सुटायच्या आधीच सुटते. आमच्या लहानपणी गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे, रात्रीत तीन-तीन पिक्चर, हेडमध्ये कचरा आला की ऑपरेटर दहाची कोरी नोट घासायचा आणि सगळी वाडी श्वास रोखून बघायची. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात आपापली रील बघतोय. माझं काही म्हणणं नाही, मी पण बघतो.

पण एक गोष्ट मला टोचते. मराठीला राष्ट्रीय पुरस्कारातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सर्वोच्च पदक पहिल्यांदा 1954 मध्ये मिळालं, 'श्यामची आई'ला, ती गोष्ट आपल्या कोकणातली, दापोलीकडची. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षं काही नाही, आणि 2004 मध्ये 'श्वास'ला मिळालं, तोही कोकणातला आजोबा आणि नातू. 2017 मध्ये 'कासव'ला, तो तर आपल्याच किनाऱ्यावरचा. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं बक्षीस घेणारे पिक्चर आपल्या समुद्रावर, आपल्या घरांवर होतात, आणि आपल्या गावातल्या किती जणांनी ते मोठ्या पडद्यावर बघितले? दुकानात बसल्या बसल्या मी पंचवीसेक जणांना विचारलं. एक. आणि तो पुण्याला शिकायला होता म्हणून. आणि अडीच-तीन तासांवर पणजीत 2004 पासून दर नोव्हेंबरला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, जगभरचे पिक्चर, मी दुकान बंद ठेवून दोन-तीन दिवस जातो, तिथे दिल्ली-केरळची पोरं भेटतात पण आपल्या तालुक्यातलं कोणी दिसलं तर शपथ.

"लोकांका कळाचा नाय ता", हे कमिटीतल्या एका काकांनी मला प्रेमाने सांगितलं. काका, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून सांगतो, जी माणसं डिसेंबरच्या थंडीत रात्रभर दशावतार बघतात, जिथे सेट म्हणून एक बाकडं, पुरुषच राणी झालेला, लिहिलेली संहिता नाही, सगळी वाक्यं नट उभ्या उभ्या जुळवतोय, पेटी-मृदंगावर युद्ध होतंय आणि तेच बाकडं कधी राजाचं सिंहासन कधी डोंगर, त्या माणसांना पिक्चर कळणार नाही? उलट शहरातल्यापेक्षा लवकर कळेल. कॅमेरा दोन मिनिटं नुसत्या भिंतीवर राहिला तर मॉलमधला माणूस मोबाईल काढतो, आपला माणूस म्हणतो थांब रे, (दशावतारातला) संकासूर येवचो आसा.

बाकी कागदपत्रांचं म्हणाल तर सगळं आहे. तिन्ही दिवसांच्या तिन्ही मोठ्या पिक्चरना सेन्सॉर सर्टिफिकेट आहे, दोन यू आणि एक यूए 13+ (2023 च्या दुरुस्तीपासून यूए मध्ये सात, तेरा, सोळा असे भाग झालेत), तो रविवारी आहे आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिणार आहोत, त्याहून लहान पोरांना आणायचं की नाही ते आईबापांनी ठरवावं. ज्यांचे पिक्चर आहेत त्यांची लेखी परवानगी आहे. हे सांगतो कारण मंडळातल्या एका दादांनी सुचवलं की कशाला भानगड, माझं ओटीटीचं अकाउंट आहे, पासवर्ड देतो, लावा. दादा, ते घरी बघायला असतं, त्यावर पटांगणात गावाला पिक्चर दाखवता येत नाही. पोलीस स्टेशनला लाऊडस्पीकरचा अर्ज दिलाय. पैसे तुमच्याकडून नकोत, प्रोजेक्टरचं भाडं आणि पाहुण्यांचं जेवण आम्ही आठ-दहा जणांनी वाटून घेतलंय, राहायची सोय एका होमस्टेवाल्या काकूंनी केलीय, मासे त्यांचेच.

आता मुद्द्यावर येतो. वादग्रस्त फिल्म.

ही फिल्म कुठून बाहेरून आलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवसांचं छोटं वर्कशॉप घेतलं होतं, त्यात आपल्याच गावातल्या तीन पोरांनी, दोन मुली आणि एक मुलगा, अकरावी-बारावीतले, मोबाईलवर केलेली 14 मिनिटांची फिल्म आहे. विषय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची जुनी मासेमारी. मोबाईल पण साधाच, मागच्या काचेला तडा गेलेला. तुमच्यापैकी कोणी ती बघितलेली नाही, हे मला माहितीय कारण ती माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे आणि दुसरी कॉपी पोरांकडे. म्हणून काय आहे ते सांगतो.

पहिली आठ मिनिटं नुसतं ओढणं आहे. होडी अर्धगोल मारून जाळं सोडून आलीय, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि चाळीसेक माणसं ओढतायत. पोरांनी कॅमेरा चेहऱ्यावर ठेवलाच नाहीये, ठेवलाय पायांवर. टाचा वाळूत रुततायत, मागे सरकतायत, परत रुततायत, टाचेच्या खळग्यात पाणी भरतं आणि पुढच्याची टाच तिथेच येते. म्हाताऱ्या टाचा, भेगा पडलेल्या, एका बाईच्या पायात चांदीची जोडवी, एक शाळेच्या पोराचे पाय. कोणी बोलत नाही, फक्त 'हौ' असा आवाज आणि दोराचा कर्रर्र. मी एडिटिंगला त्यांना म्हटलं हे फार लांबतंय, चार मिनिटं करा. त्यातली मोठी मुलगी म्हणाली, काका ओढायला दोन तास लागतात, आम्ही आठच मिनिटं ठेवलीत. मी गप्प बसलो. मग जाळं येतं. दोन टोपल्या पेडवे, मूठभर ढोमे, बाकी सगळी जेलीफिश, थुलथुलीत. वाट्याचे पैसे मोजतात, माणशी सत्तर रुपये.

मग संध्याकाळ. आजोबा वाळूत बसलेत आणि लांब समुद्रात दिव्यांची रांग दिसतेय. त्यांना पोरं काही विचारत नाहीत, तेच तिकडे बोट करून म्हणतात, "थंय दिवाळी, हंय काळोख." एवढंच. हे एक वाक्य वादग्रस्त. कारण ते दिवे एलईडीच्या झगमगाटाने मासे ओढून घेणाऱ्या बोटींचे आहेत असा अर्थ होतो.

होतो ना, होऊ दे. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्येच बंदी घातलेली आहे. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा गोल वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घालणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी 2016 चा आदेश आहे. या विषयावर मोर्चे निघालेत, बंदरात बाचाबाची झालीय, पेपरात पानंच्या पानं आलीत, जेटीवर रोज सकाळी हेच बोलणं चालतं. आणि चौदा मिनिटांच्या फिल्मने गाव फुटणार?

आणि पुढची चार मिनिटं तुम्हाला कोणी सांगितलीच नाहीत, कारण सांगणाऱ्याने पण ऐकीवच सांगितलंय. त्यातल्या मुलाचा सख्खा मामा मिनी पर्ससीनवाला आहे. पोराने त्यालाच कॅमेऱ्यासमोर बसवलाय. मामा बोटीच्या नाळेवर बसून सांगतो की कर्ज किती, डिझेल किती, खलाशांना ॲडव्हान्स किती द्यावा लागतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या बंदीत दोन महिने बोट वर ओढलेली असली तरी बँकेचा हप्ता काही वर ओढलेला नसतो. शेवटी म्हणतो, मी पण रापणीवरच वाढलोय, माझ्या बापाचा वाटा होता त्या जाळ्यात. आणि मग खाली बघतो, पोरगा पण काही विचारत नाही, कॅमेरा तसाच चालू. हे ज्याने बघितलं तो म्हणेल का फिल्म एकतर्फी आहे? माझ्या दुकानात मामा स्वतः बघून गेला, दोनदा बघितली, आणि जाताना म्हणाला शनिवारी मी खुर्च्या लावायला येतो. म्हणजे ज्याच्यावरून वाद व्हायचा तो खुर्च्या लावणार आहे आणि ज्यांचा काही संबंध नाही ते वगळा म्हणतायत.

सेन्सॉर बोर्डाकडे पण पाठवली होती, ऑनलाईन अर्ज करून. यू मिळालं, एक कट नाही. सेन्सॉर बोर्डाला चाललं ते आपल्या मीटिंगमध्ये अडलं.

1976 साली 'मंथन' पिक्चर झाला तेव्हा गुजरातमधल्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घातले होते. त्यात होतं काय? गावातलं भांडणच होतं, दुधाच्या सोसायटीवरून, जातीवरून, पैशावरून. ज्यांचं भांडण त्यांनीच पैसे घातले आणि ट्रक भरून बघायला गेले. आमची फिल्म काही 'मंथन' नाही, पोरांचे शॉट हलतात, एका ठिकाणी तर अंगठा दिसतो. पण भांडण आपलं आहे आणि पोरं पण आपली.

म्हणून विनंती अशी की वगळायचं की नाही ते बघून ठरवा. येत्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात तुमच्यासाठी वेगळा शो ठेवतो, अकरा खुर्च्या आहेत, जास्त आलात तर माझ्या दुकानातली बाकं आणतो, चहा आहे. चौदा मिनिटांचं काम. बघून झाल्यावर पण वगळा म्हणालात तर कारण लिहून द्या, ते शनिवारी पटांगणात पोरं स्वतः वाचून दाखवतील आणि मग पुढचा पिक्चर लावू. टाईप मीच करून देईन.

सत्काराचं. मंडळाने यादी पाठवलीय, नऊ मान्यवर, शाल-श्रीफळ, प्रत्येकाचे 'दोन शब्द'. शनिवारचा हिशोब बघा. सातला सुरू, पोरांची फिल्म चौदा मिनिटं, त्यावर चाळीस मिनिटं गावाने बोलायचं, रापणवाले पर्ससीनवाले सगळ्यांनी, मग एक तास पन्नास मिनिटांचा पिक्चर. झाले पावणेदहा. दहाला स्पीकर बंद. दोन शब्द कुठे बसवू? साडेसहाला ठेवा म्हणता, पण आपल्याकडे साडेसहाचा सत्कार साडेसातला सुरू होतो हे मी वेगळं सांगायला नको, गेल्या शाळेच्या गॅदरिंगला बक्षीस समारंभ संपेपर्यंत नाचणारी पोरं मेकअपसकट झोपली होती. एक नारळ फोडू, गाऱ्हाणं घालू, ते मात्र पूर्ण, त्यात काटछाट नको, आणि लगेच पिक्चर. मान्यवरांनी पुढच्या रांगेत बसावं, खाली चटई, मागे टेकायला उशी देतो. बॅनरवर फोटो हवेत तर बॅनर पण छापतो, फक्त पडद्याच्या शेजारी लावू नका, पडद्यापेक्षा बॅनर मोठा असतो दरवेळी.

वर्कशॉपचं थोडक्यात. आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या पोरांसाठी चोवीस जागा, अठरा भरल्यात, त्यात अकरा मुली. शिकवायला पुण्याहून दोघं येतायत, फिल्मचं रीतसर शिक्षण घेतलेले, मानधन घेत नाहीत, कुळथाची पिठी आणि सुका बांगडा एवढ्यावर कबूल झालेत. दोघांत एक मोबाईल पुरतो. दिवाळीत पहिल्या दिवशी त्यांनी पोरांना मोबाईल हातात घेऊच दिला नाही, बंदरावर नेऊन डोळे मिटून अर्धा तास बसवलं आणि काय काय ऐकू आलं ते लिहायला सांगितलं. पहिल्यांदा सगळ्यांनी लिहिलं लाटा, कावळे, इंजिन. परत बसवलं तर एकाने लिहिलं, बर्फ फोडायचा आवाज आणि त्याच्यामागे कोणीतरी हळू रडतंय. वळून बघितलं तर एक बाई खरंच जेटीच्या कट्ट्यामागे बसली होती. काय झालं होतं ते मी इथे लिहीत नाही. पण त्या दिवसापासून ती पोरं गावाकडे बघतात ते वेगळंच बघतात, हे मी दुकानात बसून रोज बघतोय. रविवारी दुपारी बचत गटाच्या ताईंसाठी दोन तास आहेत, आगळ, खाजं, कुळीथ पीठ यांचे व्हिडिओ नीट कसे काढायचे, उजेड कुठून घ्यायचा वगैरे. त्याला मात्र कमिटीने लगेच हो म्हटलं, आभार.

मागे त्या मंडणगडच्या वेळासला कासवांची अंडी राखायला लागले तेव्हा पण लोक हसले असतील की कासव बघायला कोण येणार, आता पिल्लं समुद्रात सोडायच्या दिवसांत तिथे घराघरात पाहुणे असतात. आमच्या तीन दिवसांनी गावात पर्यटन येईल असलं काही मी म्हणत नाही, अर्जात तसं लिही म्हणजे मंजूर होईल असं एकाने सुचवलं होतं, पण नाही लिहिलं. सत्तर माणसं आली आणि शेवटपर्यंत सत्तरच राहिली तरी माझं भागलं.

सरपंचताई, आता तुमच्याकडे फक्त हायमास्ट. पत्र लिहायच्या आधी काल संध्याकाळी मी पटांगणात जाऊन आलो. टायमर अजून तोच आहे, सातला पाच कमी असताना लागतो. डब्याचं कुलूप खाऱ्या हवेने गंजलंय, चावी मिळाली तरी फिरणार नाही अशी अवस्था होती, म्हणून थोडं खोबरेल सोडून आलोय, परवा परत सोडतो. ग्रामपंचायत, देवस्थान, वायरमन आणि तो कोल्हापूरचा लग्नवाला, या चौघांपैकी चावी नक्की कोणाकडे आहे तेवढं शुक्रवारच्या आत कळवा.

आपला,
झेरॉक्सवाला

ता.क. या पत्राच्या झेरॉक्स सगळ्यांच्या घरी पोचतील, पैसे नकोत. उत्तर टाईप करून हवं असेल तर दुकान रात्री आठपर्यंत उघडं आहे, बुधवार सोडून.